काही मिनिटांचा मासा : सामनच्या घरगुती पाककृतींची प्रस्तावना

सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. त्याच्या मांसातली चरबी आणि त्याचा नारिंगी रंग यांचा उलगडा बराचसा या जीवनक्रमातून होतो. नदीत शिरल्यावर सामन जवळजवळ काहीच खात नाही. प्रवाहाविरुद्धचा सगळा प्रवास समुद्रात साठवलेल्या चरबीवर चालतो. म्हणून नदीच्या मुखाशी धरलेला मासा भरलेला आणि चविष्ट असतो, तर अंडी घालण्याच्या जागी पोचलेला मासा सुकलेला, पाणचट. रंग येतो तो अस्टाझॅन्थिन नावाच्या द्रव्यामुळे. कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाल्ल्याने ते स्नायूंत साठते. समुद्रातल्या जाळीबंद पिंजऱ्यांत वाढवलेल्या सामनच्या खाद्यात हेच द्रव्य वेगळे मिसळावे लागते, नाहीतर मांस फिकट राहते.

बाजारात सामन या एकाच नावाखाली निदान सहा वेगळे मासे येतात. अटलांटिक महासागरातली साल्मो सालार ही एक जात. पिंजऱ्यात वाढवला जाणारा बहुतांश सामन हाच. पॅसिफिकमध्ये ऑन्कोऱ्हिंकस या प्रजातीतल्या पाच जाती महत्त्वाच्या : चिनूक म्हणजेच किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. या पाचही जातींचे मासे एकदाच अंडी घालून मरतात. अटलांटिक सामनपैकी काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात. रांधणाऱ्याला यातला चरबीचा फरक सर्वांत आधी कळायला हवा. वाढवलेल्या अटलांटिक सामनच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण १३ ग्रॅम चरबी असते, पिंकमध्ये ४ ते ५. पहिला मासा चुलीवर दोन मिनिटे जास्त राहिला तरी खाण्यासारखा राहतो; दुसरा तेवढ्यात कोरडा पडतो. एकाच कृतीने एकाचा मासा मऊ होतो आणि दुसऱ्याचा भुसभुशीत, याचे कारण पुष्कळदा हाताच्या गुणात नसून माशाच्या जातीत असते.

मराठी वाचकासाठी आणखी एक गोंधळ आधीच सोडवलेला बरा. मुंबईच्या हॉटेलांत इंडियन सामन म्हणून जो मासा मिळतो तो रावस. रावस पांढऱ्या मांसाचा, किनाऱ्यालगतचा, वेगळ्या कुळातला मासा; सामनशी त्याचे नाते नाही. भारतातले सामनचे खरे नातलग काश्मीर आणि हिमाचलच्या थंड नद्यांत आहेत. तिथला रेनबो ट्राउट पॅसिफिक सामनच्याच प्रजातीतला आणि ब्राउन ट्राउट अटलांटिक सामनच्या प्रजातीतला. दोन्ही मासे इथले नव्हेत, बाहेरून आणून सोडलेले. पण प्राणिशास्त्रातले नाते वेगळे आणि स्वयंपाकघरातले वेगळे. तव्यावर सामन वागतो तो बांगड्यासारखा : अंगची चरबी भरपूर, वास ठसठशीत, आंबट-तिखट पेलण्याची ताकद मोठी. रावसासाठीची कृती जशीच्या तशी सामनला लावली की ती तेलकट आणि जड होते. बांगड्याच्या रीतीने त्याच्याकडे पाहिले की बऱ्याच गोष्टी आपोआप जुळतात.

सामनच्या पाककलेचा बहुतेक इतिहास झटपट शिजवण्याचा नाही, टिकवण्याचा आहे. मासा वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत नदीला येई, तोही खाऊन संपणार नाही इतका. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांनी तो वाळवून आणि धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठवला. ताजा मासा ते लाकडी काठ्यांत चिमटून शेकोटीभोवती उभा करत. स्कँडिनेव्हियात थोडे मीठ लावून मासा जमिनीत पुरत आणि तो आंबवून खात. आजचा ग्राव्हलॅक्स त्याचाच सौम्य वारस. मीठ, साखर आणि डिल ही शेपूच्या घरातली पाने चोळून तो दोनेक दिवस फ्रिजमध्ये ठेवला की झाले. जपानमध्ये खारवलेला सामन पिढ्यान्‌पिढ्या भाताबरोबर खाल्ला गेला. स्कॉटलंडमध्ये धुरी दिलेला सामन ही ओळखच झाली आणि लंडनच्या पूर्व भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी धुरीची स्वतःची सौम्य पद्धत रुजवली. १८६४ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर ह्यूम बंधू आणि हॅपगुड यांनी पॅसिफिक सामन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना काढला. पुढच्या काही दशकांत हा धंदा कोलंबिया नदीवरून अलास्कापर्यंत पसरला. डब्यातला मासा डब्यातच दाबाखाली शिजतो, त्यामुळे काटेही मऊ होऊन खाता येतात आणि त्यातले कॅल्शियम पोटात जाते. झटपट सामनचा पहिला अवतार खरे तर हा डबा. त्याला कमी लेखण्याची रीत पडली आहे. त्यात ढोंगच अधिक आहे.

ताजा सामन मात्र युरोपात दीर्घकाळ मेजवानीचा पदार्थ राहिला. फ्रेंच आचारी एस्कॉफिए याच्या १९०३ सालच्या ग्रंथात जी शिस्त दिसते तिच्यात आख्खा मासा लांबट भांड्यात, भाज्या आणि मसाल्याची पाने घातलेल्या आंबूस पाण्यात मंद शिजवायचा आणि सॉसबरोबर, नाहीतर गार करून, थाटात मांडायचा. तेवढे लांब भांडे साध्या घरात सहसा नसे. ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही सांगितली जाणारी एक गोष्ट अशी, की पूर्वी सामन इतका स्वस्त होता की उमेदवार कामगार आणि नोकर आठवड्यातून ठरावीक दिवसांपेक्षा जास्त सामन वाढणार नाही अशी अट करारात घालून घेत. गोष्ट अनेक गावे आपापली म्हणून सांगतात. तसा करार मात्र कुणी दाखवलेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी चित्र पालटले. पहिली स्वयंपाकघरातली. फ्रान्सच्या रोआन गावी त्र्वाग्रो बंधूंनी १९६० च्या दशकात सामनचे पातळ काप न चिकटणाऱ्या तव्यावर, जवळजवळ तेलाशिवाय, काही सेकंदच शेकून आंबट चुक्यासारख्या ओझेय या पाल्याच्या सॉसवर वाढायला सुरुवात केली. मासा मध्यभागी अर्धकच्चा असे. त्या काळच्या ग्राहकाला हे धाडस वाटले, पण पुढच्या काळातल्या हलक्याफुलक्या फ्रेंच पाककलेचे हे ताट एक प्रतीक ठरले. सामनला वेळ नव्हे, नेमकेपणा लागतो हे त्याने सिद्ध केले. दुसरी घटना समुद्रातली. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रॉन्टवेट बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यांत सामन वाढवून दाखवला. पुढे नॉर्वेतल्या अनेक नद्यांमधून निवडलेल्या माशांच्या संकरातून लवकर वाढणारे वाण तयार झाले. आज एकटा नॉर्वे वर्षाला सुमारे १५ लाख टन सामन काढतो. त्यामागे चिली, आणि मग स्कॉटलंड, फॅरो बेटे, कॅनडा, टास्मानिया. हंगामाचा मासा बारमाही झाला, आणि टिकवण्याची गरज संपल्यावर तो संध्याकाळी घरी आल्यावर करण्याचा पदार्थ बनला.

यातला जपानचा भाग विशेष आहे. पॅसिफिकमधल्या जंगली सामनमध्ये अनिसाकिस हा कृमी आढळतो, म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेने आपला वाढवलेला, कोरडे खाद्य खाणारा सामन कच्चा खाण्यासाठी सुरक्षित म्हणून तिथे नेटाने विकायला घेतला. विरोध झाला, रंग आणि वास नापसंत ठरला, काही वर्षे गेली. पुढे फिरत्या पट्ट्यांवरच्या सुशीच्या दुकानांतून नव्या पिढीने तो उचलला. आज सुशी म्हटले की डोळ्यांपुढे येणारी नारिंगी चकती जपानच्या परंपरेत अगदी अलीकडची आहे.

सामन लवकर शिजतो याचे कारण त्याच्या स्नायूंच्या रचनेत आहे. जमिनीवरच्या जनावराला स्वतःचे वजन पेलायचे असते. त्याचे स्नायू लांब आणि चिवट पडद्यांनी बांधलेले असतात, म्हणून मटणाला तास लागतो. माशाला पाणीच तोलून धरते. त्याचे स्नायूतंतू आखूड, एकावर एक पाकळ्यांसारखे रचलेले, आणि त्या पाकळ्यांमधला पडदा अगदी पातळ. सुमारे ४० अंश सेल्सियसपासून मायोसिन हे प्रथिन गोठू लागते आणि मांस पारदर्शक न राहता फिके होते. ५० अंशांच्या आसपास पाकळ्यांमधला पडदा विरघळतो आणि पाकळ्या सुटू लागतात. ६० च्या पुढे अ‍ॅक्टिन हे दुसरे प्रथिन आकसते आणि मांसातले पाणी पिळून बाहेर काढते. सगळा खेळ या शेवटच्या दहा-बारा अंशांत आहे. बरेच आचारी वाढवलेला सामन ५० ते ५२ अंशांवर, जंगली सामन त्याहूनही थोडा आधी उतरवतात. अमेरिकेतल्या सरकारी सूचनेत ६३ अंशांचा आकडा आहे. तो सुरक्षिततेचा आकडा, चवीचा नव्हे. गर्भवती, लहान मुले आणि वृद्धांसाठी रांधताना तोच पाळावा, त्यात घासाघीस नको.

शिजताना तुकडीवर जे पांढरे थेंब जमतात त्यांना चरबी समजून घाबरण्याचे कारण नाही. स्नायूंतले विरघळलेले प्रथिन आकसण्याच्या दाबाने बाहेर येऊन गोठते. आच जितकी जास्त, तितके हे थेंब जास्त. म्हणजे तो एक इशाराच आहे. शिजवण्याआधी दहा मिनिटे मिठाच्या पाण्यात तुकडी ठेवली, तर पृष्ठभागाचे प्रथिन मिठाने सैल होते आणि थेंब कमी येतात. आंबटाचे उलटे आहे. लिंबू किंवा आगळ लावून मासा तासभर मुरवला की वरचा थर चुलीवर जाण्याआधीच गोठतो आणि तोंडात पिठूळ लागतो. कोकणी घरांतली हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून ठेवण्याची सवय सामनसाठी दहा-पंधरा मिनिटांवर आणावी, किंवा मीठ आधी लावून आंबट शेवटी घालावे.

शिजवण्याच्या पद्धतींची साधारण चार-पाच घराणी पडतात आणि प्रत्येकाची वेळेची कल्पना निराळी आहे. तव्याचे घराणे कातडीवर जगते. तुकडी कागदाने कोरडी टिपायची, कातडीची बाजू खाली ठेवून पहिले काही सेकंद उलथन्याने दाबायची, म्हणजे ती वाकत नाही. मग आच मध्यम करून जवळजवळ सगळे शिजवणे त्याच बाजूवर करायचे. रंग खालून वर चढताना तुकडीच्या कडेला दिसतो, तो वरच्या काठाजवळ आला की उलटून लगेच उतरवायची. अडीच सेंटिमीटर जाडीला एकूण सहा-सात मिनिटे पुरतात. नेहमीची चूक आचेची नसून घाईची असते : कातडी सुटण्याआधीच उलथने घातले जाते आणि अर्धी कातडी तव्यालाच राहते. ती कुरकुरीत झाली की स्वतःहून सुटते.

भट्टीच्या घराण्यात दोन टोके आहेत. कॅनडाच्या मत्स्यविभागाने रुजवलेला आणि जेम्स बियर्ड या अमेरिकन लेखकाने घरोघरी पोचवलेला नियम असा : तापलेल्या भट्टीत जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटे. लक्षात ठेवायला सोपा, पण आजच्या जिभेला मासा जरा जास्तच शिजलेला वाटतो; तो कमाल मर्यादा म्हणून वापरावा. दुसरे टोक १२० अंशांच्या मंद भट्टीचे. तिथे वीस ते पंचवीस मिनिटे लागतात, मात्र दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही आणि तोपर्यंत भात, कोशिंबीर होऊन जाते. घड्याळाचा वेळ आणि हाताचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंद भट्टी पहिला वाढवते, दुसरा जवळजवळ शून्यावर आणते. पाहुणे येणार असतील तर हीच पद्धत खरी सोपी. एअर फ्रायर म्हणजे लहान, जोराच्या वाऱ्याची भट्टी. २०० अंशांवर सात ते नऊ मिनिटे, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

पाण्याच्या घराण्यात फिनलंडचे लोहिकेइत्तो हे सूप येते : बटाटे, लीक, दूध किंवा साय, डिल. मासा त्यात अगदी शेवटी पडतो. आच बंद करून झाकण ठेवले की उरलेल्या उष्णतेत तो होतो. कोकणातल्या कालवणाचा नियमही हाच आहे. वाटण पूर्ण शिजू द्यायचे, तुकड्या नंतर सोडायच्या, आणि डाव न घालता भांडेच हलवायचे. सामनच्या तुकड्यांना त्यात चार-पाच मिनिटे पुरेत. नारळाचे दूध मात्र हात राखून घालावे; माशाची स्वतःची चरबी मुळात भरपूर आहे. बांगड्याच्या तिखल्यात जी जोडी असते, कोकमाची सोले आणि तिरफळ, ती इथेही नारळापेक्षा सरस ठरते.

गुंडाळून वाफवण्याची पद्धत जगभर सापडते. फ्रेंच लोक कागदात गुंडाळतात. बंगाली पातुरी आणि पारशी पात्रानी मच्छी केळीच्या पानात. परदेशातल्या बंगाली घरांनी हिल्साच्या जागी सामन घ्यायला सुरुवात केली, आणि ती निवड केवळ सोयीची नव्हती : हिल्साही चरबीचा आणि समुद्रातून नदीत चढणारा मासा आहे, मोहरीचा तिखटपणा दोघांनाही पेलतो. जपानी रीत याहून काटकसरीची. तुकडीला मीठ लावायचे, निथळू द्यायची, वरच्या आचेवर भाजायची. बरोबर भात आणि मिसोचे सूप.

कच्च्या आणि खारवलेल्या सामनबद्दल थोडक्यात. कृमी मारायला उणे २० अंशांवर सात दिवस, असा अमेरिकेतला नियम आहे. घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा बहुधा उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडझाप झाले की चढतो; त्याच्या भरवशावर कच्चा मासा खाऊ नये. थंड धुरी दिलेल्या सामनमध्ये लिस्टेरियाचा धोका असल्याने गर्भवतींनी तो टाळावा. हवाबंद पाकिटातला गोठवलेला मासा फ्रिजमध्ये उकलायला ठेवताना पाकीट आधी फोडावे, कारण बोट्युलिझमचे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात.

आज या माशाबद्दल लिहायचे तर दोन कारणे समोर येतात. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७० च्या दशकात ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हापासून ओमेगा-३ चरबीचे नाव घरोघरी झाले आणि सामन डॉक्टरांच्या यादीत आला. ड जीवनसत्त्वही त्यात भरपूर असते. याच काळात त्याच्या शेतीची किंमतही उघड झाली : पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या समुद्री उवा, निसटून जंगली माशांत मिसळणारे पाळीव मासे, २००७ नंतर चिलीतला उद्योग हादरवणारा विषाणू. अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्वेगो प्रांताने २०२१ मध्ये सामनशेतीवर बंदी घातली; ब्रिटिश कोलंबियातले उघडे पिंजरे २०२९ च्या मध्यापर्यंत बंद करण्याचे कॅनडाने २०२४ मध्ये जाहीर केले. अलास्कात माशांची व्यापारी शेती १९९० पासूनच बेकायदा आहे. जंगली सामनचे दुःख धरणांचे. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत काढली गेली आणि त्याच शरदात चिनूक वरच्या पात्रात दिसले. ग्राहकाच्या हातात यातले थोडेच असते, तरी जात, देश आणि पिंजऱ्याचा की जंगली, या तीन गोष्टी पाकिटावर वाचण्याइतके तरी असते.

सामनवरच्या इंग्रजी पुस्तकांना तोटा नाही. मराठी घरासाठी त्यांत दोन अडचणी येतात. एक तर त्यांतले साहित्य आणि भांडी वेगळी. दुसरी अडचण सवयीची : आपल्याकडे मासा पूर्ण शिजलेला, खमंग, कडा कडक झालेला हवा असतो, आणि ५० अंशांवर उतरवलेली तुकडी कित्येकांना कच्ची वाटते. न्यू जर्सी, लंडन किंवा बे एरियातल्या मराठी घरांत सामन सहज मिळतो, सुरमई गोठवलेली आणि पापलेट महाग. तिथे रवा लावून, तव्यावर तेल सोडून सामन तळण्याची रीत रुळली आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. रव्याचा थर पातळ ठेवला, तेल निम्म्यावर आणले आणि तुकडी दोन मिनिटे आधी काढली की तीच कृती एकदम वेगळी लागते. प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न असा दुरुस्तीचा आहे, धर्मांतराचा नाही.

म्हणून इथल्या कृती पदार्थाच्या देशानुसार न लावता आचेनुसार लावल्या आहेत. तवा, भट्टी, वाफ, रस्सा आणि डबा. प्रत्येकात आधी एक साधी मूळ कृती आणि मग तिचे चवीचे पालट. एका कृतीला हाताचा वेळ वीस मिनिटांपलीकडे लागू नये ही मर्यादा पाळली आहे. ग्राव्हलॅक्ससारखे वाट पाहायला लावणारे पदार्थ तिच्यात बसतात, कारण वाट फ्रिज पाहतो. आख्खा मासा आणि घरी दिलेली धुरी मुद्दाम वगळली आहे. उरलेल्या सामनला स्वतंत्र जागा दिली आहे, कारण त्याची नाजूक चरबी हवेशी लवकर बिघडते आणि दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या तुकडीला जुनाट वास येतो. ती गारच कोशिंबिरीत, भातात किंवा कटलेटात घालावी, मायक्रोवेव्हमध्ये नव्हे.

मापांबद्दल इतकेच, की सर्व वेळा अडीच सेंटिमीटर जाडीच्या, कातडीसह, फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवलेल्या १५० ग्रॅमच्या तुकडीसाठी आहेत. शेपटीकडची पातळ तुकडी असल्यास तिचे टोक खाली दुमडून जाडी सारखी करावी. पोटाकडची तुकडी जास्त चरबीची असल्याने एखादे मिनिट अधिक सोसते. शिजवण्याआधी तुकडीच्या मधोमध बोट फिरवून काटे शोधावेत आणि चिमट्याने डोक्याच्या दिशेला तिरपे ओढावेत, सरळ वर नव्हे. तापमापक नसेल तर बारीक सुरीचे टोक तुकडीच्या मध्यात काही क्षण धरून ओठाला लावावे : कोमट लागले तर उतरवण्याची वेळ झाली, चटका बसला तर ती टळून गेली.